प्रोसेसर बदलावा की आहे तोच चालवावा? मोजक्या पैशांत गेमिंगचा संगणक सांभाळणाऱ्यांसाठी

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत घरच्या संगणकाशी थेट संबंध असलेल्या दोन बातम्या पाठोपाठ आल्या. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि त्याच सुमारास रॅमचे, म्हणजे संगणकाच्या कामचलाऊ मेमरीचे, भाव झपाट्याने चढू लागले, कारण मेमरीच्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपले उत्पादन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळवले होते. डिसेंबरात तर मायक्रॉन या मोठ्या अमेरिकी कंपनीने ‘क्रूशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम विकण्याचा आपला व्यवसायच बंद करण्याची घोषणा केली. इंदूरमध्ये रामबागेपासून सुदामा नगर-राजेंद्र नगरपर्यंत अनेक मराठी घरांत चार-सहा वर्षांपूर्वी मुलांसाठी सुटे भाग घेऊन जुळवलेले संगणक आहेत. त्या घरांतून आता एकच प्रश्न ऐकू येतो: गेम अडखळतात, विंडोज ११ चालेल की नाही कळत नाही, तर प्रोसेसर बदलून घ्यावा का? विचारणारा मुलगा असतो आणि पैसे देणारे आई-वडील असतात. मुलाला वेगाची घाई असते, आई-वडिलांना खर्च पटायला हवा असतो. हा लेख दोघांनी शेजारी बसून वाचावा, अशा अपेक्षेने लिहिला आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. प्रोसेसर किती जुना आहे यावरून हा निर्णय घेऊ नये. आपल्या संगणकात नेमकी अडवणूक कोण करते हे आधी घरीच मोजावे, आणि आपल्या मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डावर, कोणता प्रोसेसर बसतो हे पाहून मगच पैशांचा विचार करावा. रॅम महाग झाल्यापासून या दुसऱ्या गोष्टीला फारच महत्त्व आले आहे, आणि नेमकी तीच गोष्ट दुकानात सर्वांत शेवटी विचारली जाते.

गेम चालतो तेव्हा आत काय घडते

पडद्यावर दिसणारा गेम म्हणजे एकामागून एक झरझर बदलणारी चित्रे. त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि एका सेकंदात किती फ्रेम तयार झाल्या त्या आकड्याला एफपीएस. ६० एफपीएस हवे असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हवे असतील तर जेमतेम ७. तेवढ्या वेळात दोन यंत्रांना आपापले काम उरकावे लागते. प्रोसेसर गेमचा हिशेब करतो: कोण कुठे उभा आहे, गोळी लागली की नाही, गाडी भिंतीला आदळल्यावर कुठे उडेल, आणि या फ्रेममध्ये काय काय रंगवायचे आहे. तो हिशेब हातात आल्यावर ग्राफिक्स कार्ड प्रत्यक्ष चित्र रंगवते.

लग्नघरातल्या स्वयंपाकघराची कल्पना करा. एक बाई पोळ्या लाटते आहे, दुसरी तव्यावर भाजते आहे. लाटणारीचा हात मंद असेल तर तवा नुसताच तापत राहतो, आणि मोठा तवा आणला म्हणून पंगतीला पोळ्या लवकर मिळत नाहीत. भाजणारी मागे पडली तर लाटलेल्या पोळ्यांचा ढीग साचतो, आणि तिथे आणखी एक लाटणारी बसवून काही उपयोग नसतो. प्रोसेसर लाटतो, ग्राफिक्स कार्ड भाजते. ज्याच्यामुळे दुसऱ्याला थांबावे लागते त्याला संगणकवाल्यांच्या बोलीत बॉटलनेक म्हणतात. तो प्रत्येक संगणकात कुठे ना कुठे असतोच. आपल्याला विचारायचे एवढेच की तो कुठे आहे, आणि त्याने आपले खरोखर काही अडते आहे का.

हेच चित्र थोडे पुढे नेले की आणखी एक गोष्ट उलगडते. साध्या पोळीऐवजी जाड पुरणपोळी करायला घेतली तर तव्यावरचा वेळ वाढतो. गेमचे रिझोल्यूशन वाढवण्याचा परिणाम असाच होतो. १९२० गुणिले १०८० या नेहमीच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, २५६० गुणिले १४४० वर सुमारे ३६.९ लाख, आणि फोर-के वर जवळजवळ ८३ लाख. ग्राफिक्स कार्डाला हे सगळे ठिपके रंगवावे लागतात, प्रोसेसरचा हिशेब मात्र जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे मोठ्या पडद्यावर, सर्व सेटिंग वर ठेवून खेळणाऱ्याला नव्या प्रोसेसरचा फारसा फरक जाणवत नाही. नेहमीच्या १०८० पडद्यावर सेटिंग कमी ठेवून व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे चुरशीचे गेम १४४ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर, खेळणाऱ्याला तोच फरक लगेच कळतो.

अडवणूक कुठे आहे हे घरीच कसे मोजावे

यासाठी एक रुपयाही लागत नाही, आणि कोणाला विचारावेही लागत नाही. आपण सर्वांत जास्त खेळतो तो गेम उघडावा आणि जिथे तो नेहमी अडखळतो अशी गर्दीची जागा निवडावी. गेममधले व्ही-सिंक (एफपीएस पडद्याच्या वेगाशी बांधून ठेवणारी सोय) आणि एफपीएसवरची मर्यादा या दोन्ही गोष्टी आधी बंद कराव्यात, कारण त्या चालू असतील तर पुढचे सगळे आकडे फसवे येतात. मग एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत प्रोग्रामने किंवा विंडोजच्या गेम बारने एफपीएस आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर असे दोन आकडे पडद्याच्या कोपऱ्यात दिसतील असे करावे.

ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के दिसत असेल, तर कार्ड आपल्या पूर्ण ताकदीने राबते आहे आणि प्रोसेसर त्याला वेळेवर काम पुरवतो आहे. अशा वेळी नवा प्रोसेसर घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. उलट कार्डाचा वापर ६०-७० टक्क्यांच्या आसपास घुटमळत असेल आणि तरीही एफपीएस कमी असेल, तर संशय प्रोसेसरवर जातो. तो पक्का करण्यासाठी त्याच जागी उभे राहून रिझोल्यूशन १२८० गुणिले ७२० पर्यंत खाली आणावे. समजा आधी ६२ एफपीएस मिळत होते आणि आता ११० मिळू लागले, तर अडवणूक ग्राफिक्स कार्डाची होती, कारण त्याचे ओझे हलके करताच वेग सुटला. ६२ चे जेमतेम ६६ झाले, तर कार्डाला मोकळे केले तरी काम पुढे सरकत नाही, म्हणजे प्रोसेसर मागे पडतो आहे. डीएलएसएस किंवा एफएसआर सुरू करूनही एफपीएस वाढत नाही, अशी तक्रार अनेक मुले करतात. तिचेही कारण बहुधा हेच असते, कारण ही तंत्रे कार्डाला कमी ठिपके रंगवायला लावतात आणि प्रोसेसरचे काम कमी करत नाहीत.

इथे एक फसगत फार वेळा होते. टास्क मॅनेजर उघडला की प्रोसेसरचा वापर ४० टक्के दिसतो, आणि वडील म्हणतात की अर्ध्याहून अधिक ताकद पडून आहे, मग नवा कशाला? तो आकडा सर्व थ्रेडची सरासरी असतो. प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र काम करणाऱ्या भागाला कोर म्हणतात, आणि बरेच प्रोसेसर प्रत्येक कोरकडून दोन कामे एकाच वेळी करून घेतात, त्या प्रत्येक कामाच्या रांगेला थ्रेड म्हणतात. सहा कोर आणि बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापर सुमारे ८ टक्केच दिसतो. गेमचे मुख्य काम बहुधा एक-दोन थ्रेडवरच अडकलेले असते. म्हणून प्रोसेसरच्या एकूण टक्क्यांवर विसंबू नये, ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहावा. तोच खरा साक्षीदार आहे.

सरासरी एफपीएसच्या जोडीला आफ्टरबर्नर ‘एक टक्का लो’ हाही आकडा दाखवू शकतो. सर्वांत संथ एक टक्का फ्रेमच्या वेळी वेग किती उरतो, हे त्यातून कळते. सरासरी ८० आणि एक टक्का लो ३० असेल, तर कागदावर गेम वेगवान असतो आणि हाताला मात्र तो सतत दचके देतो. चांगल्या प्रोसेसरने सरासरीपेक्षा हा खालचा आकडा अनेकदा जास्त सुधारतो, आणि खेळणाऱ्याला समाधान मिळते ते मुख्यतः त्यामुळेच.

मात्र प्रत्येक अडखळणे प्रोसेसरचे नसते. नवीन गेम पहिल्यांदा खेळताना शेडर, म्हणजे चित्र कसे रंगवायचे हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम, तयार होत असतात, तेव्हाचे झटके नव्या प्रोसेसरवरही कमीअधिक प्रमाणात येतात. रॅम ८ जीबी असेल आणि ती काठोकाठ भरत असेल, किंवा गेम जुन्या हार्ड डिस्कवर ठेवलेला असेल, तरीही दृश्य असेच अडकते. या दोन्ही गोष्टी टास्क मॅनेजरमध्ये मिनिटभरात तपासता येतात.

पैसे खर्च करण्याआधीची कामे

रॅम तिच्यावर छापलेल्या वेगाने आपोआप चालत नाही. ३२०० ची रॅम घेऊन अनेक घरांत ती वर्षानुवर्षे २१३३ किंवा २४०० वरच चालत असते, कारण बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी हा पर्याय कोणी सुरूच केलेला नसतो. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणारा, मदरबोर्डावर साठवलेला छोटा प्रोग्राम. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ २ कळ दाबून त्यात शिरता येते. तसेच १६ जीबीची एकच पट्टी असेल तर प्रोसेसरला मेमरीपर्यंत जाण्याचा एकच मार्ग मिळतो, आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर दोन मिळतात. ज्यांचा प्रोसेसर मागे पडतो त्यांना या दोन गोष्टींनी मिळणारा फायदा चांगलाच जाणवण्यासारखा असतो. रायझनवाल्यांनी, म्हणजे एएमडी कंपनीचा प्रोसेसर असलेल्यांनी, तर हे आज संध्याकाळीच तपासावे.

उन्हाचेही लक्षात घ्यावे. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० च्या वर जातो. बंद खोलीत, भिंतीला टेकवलेल्या कॅबिनेटमध्ये, पाच वर्षांची धूळ बसलेल्या पंख्याखाली प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा बचाव करण्यासाठी वेग कमी करतो. बहुतेक प्रोसेसरांची ही मर्यादा ९० ते १०० अंशांच्या दरम्यान असते. गेम हिवाळ्यात नीट चालतो आणि उन्हाळ्यात अडखळतो असे होत असेल, तर कूलर उघडून साफ करावा आणि सुकून गेलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. पेस्टच्या नळीची किंमत नव्या प्रोसेसरच्या मानाने नगण्य आहे.

मॉनिटरची वायर मदरबोर्डाऐवजी ग्राफिक्स कार्डाला जोडली आहे ना, आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच अडकलेला नाही ना, हेही एकदा पाहावे. मॉनिटरच ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रे तो दाखवूच शकत नाही, आणि अशा घरी गेम स्थिर ६० वर चालत असेल तर प्रोसेसरचा विषय इथेच मिटतो. जिथे एफपीएस ५५ आणि ९० च्या दरम्यान हेलकावे खातो, तिथे गेममध्येच ६० ची मर्यादा घालून पाहावी. आकडा खाली येतो, पण खेळ पुष्कळ नितळ वाटतो.

सॉकेट: सगळा खर्च इथे ठरतो

मोजून झाले आणि दोष प्रोसेसरचाच निघाला, तर पुढचा प्रश्न मदरबोर्डाचा. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. सॉकेट तेच राहणार असेल तर फक्त प्रोसेसरचे पैसे लागतात. सॉकेट बदलले की मदरबोर्ड बदलतो, मदरबोर्ड बदलला की बहुधा रॅमही बदलते, आणि कधी कधी कूलरही. आपला बोर्ड कोणता हे सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामच्या ‘मेनबोर्ड’ या पानावर दिसते. दुकानात जाताना ते नाव कागदावर लिहून न्यावे.

या बाबतीत सर्वांत सुदैवी ठरले ते एएमडीचे एएम ४ सॉकेट असलेले लोक. २०१७ साली पहिले रायझन प्रोसेसर या सॉकेटवर आले आणि २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झालेली रायझन ५००० मालिकाही त्याच सॉकेटवर बसते. बी ४५० सारख्या बोर्डांवर ती बायोस अद्ययावत करून चालते, आणि ए ३२० व बी ३५० या आणखी जुन्या बोर्डांनाही एएमडीने २०२२ साली ती मुभा दिली. आपल्या बोर्डासाठी कंपनीने तसा बायोस काढला आहे का, हे बोर्डाच्या अधिकृत पानावर प्रोसेसरांच्या यादीत पाहता येते.

एक उदाहरण जवळून पाहू. रायझन ५ २६००, बी ४५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर ४ (रॅमची आधीची पिढी; नवी ती डीडीआर ५) पट्ट्या आणि आरटीएक्स ३०६० कार्ड, असा संगणक २०१९ साली घेतलेल्या आणि मधे फक्त कार्ड बदललेल्या अनेक घरांत सापडेल. यातला २६०० काढून रायझन ५ ५६०० बसवला तर कोर सहाच राहतात आणि थ्रेडही बाराच राहतात. कमाल गती ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झ होते, म्हणजे कागदावर वाढ लहानच दिसते. पण मधल्या दोन पिढ्यांत प्रोसेसरच्या प्रत्येक ठोक्याला (गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला अब्ज ठोके) होणारे काम बरेच वाढले आहे. एएमडीच्या दाव्याप्रमाणे एकट्या शेवटच्या पिढीने त्यात १९ टक्क्यांची भर घातली. शिवाय प्रोसेसरच्या आतली झटपट हाताशी असणारी मेमरी, जिला कॅशे म्हणतात, ती १६ एमबीवरून ३२ एमबी झाली आणि सहाही कोरना सामाईक मिळू लागली. दोन्ही प्रोसेसर ६५ वॅटचेच असल्यामुळे वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, बदलावा लागत नाही. खोक्यात कूलर येतो, आणि रॅम जुनीच चालते. माझ्या मते, मोजणीत प्रोसेसर दोषी ठरलेल्या घराने करावा असा हा सर्वांत शहाणा खर्च आहे.

इंटेलवाल्यांना जरा जपून पावले टाकावी लागतात. एलजीए ११५१ सॉकेटवर सहावी ते नववी पिढी आली खरी, पण आठव्या आणि नवव्या पिढीला ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो, सॉकेटचे नाव सारखे असूनही. एलजीए १२०० वर दहावी आणि अकरावी पिढी बसते, मात्र एच ४१० आणि बी ४६० यांपैकी बहुतेक बोर्डांवर अकरावी चालत नाही. एलजीए १७०० वाल्यांची स्थिती बरीच बरी आहे: २०२१ च्या शेवटी आलेल्या बाराव्या पिढीपासून २०२३ च्या चौदाव्यापर्यंत तीन पिढ्या त्यावर बसतात. ज्यांनी चार कोरचा आय ३-१२१००एफ घेतला होता त्यांना सहा कोरच्या आय ५-१२४००एफ वर किंवा त्याहून वर जाता येते. या सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर ४ चे असतात आणि काही डीडीआर ५ चे, आणि दोन्ही रॅमच्या खाचा वेगळ्या असतात, हे लक्षात ठेवावे.

लॅपटॉपचा मात्र यात समावेशच नाही. आजच्या जवळपास सर्व लॅपटॉपांत प्रोसेसर बोर्डाला डाख देऊन पक्का केलेला असतो.

‘जास्त कोर म्हणजे जास्त वेग, मग आठ किंवा बारा कोरचाच का घेऊ नये?’

व्हिडिओ संपादन करणारा, मोठे प्रोग्राम कंपाइल करणारा किंवा खेळताना थेट प्रक्षेपण करणारा मुलगा असेल तर जादा कोर कामाला येतात. केवळ गेमसाठी सहा वेगवान कोर आजही बहुतेकांना पुरतात, आणि त्यापुढे कोर वाढवण्यापेक्षा मोठी कॅशे जास्त उपयोगी पडते. लाटणारीला प्रत्येक गोळ्यासाठी कोठीघरात जावे लागले तर हात कितीही चपळ असून काय उपयोग? २०२२ सालचा रायझन ७ ५८००एक्स३डी आणि २०२४ च्या जानेवारीत आलेला ५७००एक्स३डी या दोघांत ९६ एमबी कॅशे आहे. एएम ४ वर गेमसाठी याहून फारसे पुढे जाता येत नाही. पण ते आता सहज मिळत नाहीत, आणि मिळाले तर भाव चढा असतो. मध्यम ताकदीचे कार्ड असलेल्याने त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही.

नावांतला सारखेपणाही फसवतो. रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६०० हे शेजारी-शेजारी दिसतात, दोघांचे सहा-सहा कोर आहेत. पण ५५०० मध्ये कॅशे निम्मी, म्हणजे १६ एमबी आहे, आणि ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याचा मार्गही जुन्या तिसऱ्या पिढीचा आहे. ५६००जी चीही तीच गत. जी अक्षर आतल्या ग्राफिक्ससाठी असते, आणि ज्यांच्याकडे वेगळे कार्ड आहे त्यांना त्याचा काही उपयोग नाही. इंटेलमध्ये एफ अक्षर असलेल्या प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स नसते. तो स्वस्त पडतो, मात्र कार्ड बिघडले तर पडदा काळाच राहतो.

‘थोडे अधिक घालून सगळाच नवा घेतला तर पुढची पाच वर्षे निश्चिंती नाही का?’

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये उभे राहिले की “भैया, बोर्ड-रॅम भी साथ में बदलवा लो, झंझट खतम” असा सल्ला मिळतोच, आणि दोन वर्षांपूर्वी तो सरसकट चुकीचा नव्हता. एएमडीचे २०२२ सालचे एएम ५ सॉकेट चांगले आहे, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही ते चालू ठेवण्याचे कंपनीने सांगितले आहे. अडचण अशी की एएम ५ वर फक्त डीडीआर ५ रॅम चालते, आणि इंटेलच्या २०२४ सालच्या एलजीए १८५१ चेही तसेच आहे. म्हणजे रॅम सर्वांत महाग असताना ती नव्याने घ्यावी लागते आणि घरात असलेली डीडीआर ४ बाजूला ठेवावी लागते. कालपर्यंत जुनाट वाटणाऱ्या आपल्या त्या दोन पट्ट्यांचे मोल या भाववाढीने वाढवले आहे.

दोन पर्याय तुलनेसाठी असे मांडावेत. उदाहरणापुरते धरू की नुसता प्रोसेसर बदलून दहा हजारांत एफपीएस ६० वरून ८५ होतो, आणि सगळा संच बदलून पस्तीस हजारांत ९५. पहिल्या मार्गात दर हजारामागे अडीच फ्रेम मिळाल्या, दुसऱ्यात एक. हे आकडे मी हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. आपल्या गेमचे आणि आपल्या कार्डाचे आकडे यूट्यूबवरच्या चाचण्यांत शोधून आणि त्या दिवशीचा भाव विचारून ते भरावेत. चाचणी पाहताना तिथे कोणते कार्ड वापरले आहे हे जरूर पाहावे, कारण प्रोसेसरमधला फरक दिसावा म्हणून तपासणारे बहुधा सर्वांत महाग कार्ड लावतात आणि तेवढा फरक आपल्या मध्यम कार्डावर दिसत नाही.

सगळा संच बदलणे योग्य ठरते अशीही घरे आहेत. सहाव्या-सातव्या पिढीचा चार थ्रेडचा आय ५ असेल, तर त्या बोर्डावर फार पुढे जायला मार्ग उरलेला नाही, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही तो प्रोसेसर नाही. ढोबळ मानाने इंटेलची आठवी पिढी आणि रायझन २००० यांच्यापासून पुढचे प्रोसेसर त्या यादीत येतात. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा प्रोग्राम आपल्या यंत्राबद्दल नेमके उत्तर देतो. अशा घराने अडलेले नसेल तर थोडे थांबावे, आणि अडलेच असेल तर डीडीआर ४ चा एलजीए १७०० बोर्ड किंवा एएम ४ चा बोर्ड पाहावा, म्हणजे जुनी डीडीआर ४ रॅम तरी कामी येईल.

‘प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डच बदलले तर?’

मोजणीत दोष कार्डाचा निघाला असेल तर तेच करावे. पण नवे कार्ड निवडताना जुन्या प्रोसेसरचे भान ठेवावे. इंटेलचे आर्क बी ५८० हे डिसेंबर २०२४ मध्ये आलेले कार्ड पैशांच्या मानाने चांगले ठरले, मात्र जुन्या सहा-कोर रायझनबरोबर ते बऱ्याच गेममध्ये मागे पडते असे लवकरच समीक्षकांच्या चाचण्यांत दिसून आले, कारण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, प्रोसेसरवर जास्त ओझे टाकतो.

सेकंडहँड घ्यावा का?

घ्यावा, पण चालू स्थितीत पाहून. सुट्या भागांत प्रोसेसर सर्वांत कमी बिघडतो, त्यामुळे जुन्या ग्राफिक्स कार्डापेक्षा जुना प्रोसेसर घेण्यात धोका कमी असतो. एएम ४ च्या प्रोसेसरला खालून बारीक पिना असतात. त्या उजेडात धरून तिरप्या नजरेने पाहाव्यात, म्हणजे एखादी वाकलेली असेल तर ओळींच्या सरळपणात लगेच खुपते. इंटेलच्या या सॉकेटांत पिना बोर्डाच्या बाजूला असतात, म्हणून तिथे जुना बोर्ड घेताना हीच काळजी घ्यावी.

एका बाबतीत मी स्पष्टपणे सावध करीन. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या श्रेणीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होत असल्याचे २०२४ साली कंपनीने मान्य केले, त्यावर दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ती दुरुस्ती पुढची झीज रोखण्यासाठी आहे, झालेली हानी तिने भरून निघत नाही. म्हणून या पिढ्यांतला जुना आय ७ किंवा आय ९ मूळ बिलाशिवाय आणि शिल्लक वॉरंटीशिवाय घेऊ नये.

नवा घेताना खोक्यातला आणि ‘ट्रे’ यांतला फरक विचारावा. खोक्यातल्या प्रोसेसरवर साधारणपणे कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. सुटा ट्रे प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर असते. जीएसटीचे पक्के बिल आणि त्यावर अनुक्रमांक, या दोन गोष्टी थोड्या सवलतीसाठी सोडू नयेत.

बसवताना घ्यायची काळजी

बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अद्ययावत करायचा असतो. नवा आधी बसवला आणि बोर्डाने तो ओळखलाच नाही, तर पडद्यावर काहीच येत नाही. अद्ययावत होत असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून संगणक यूपीएसवर असावा, आणि पावसाळी संध्याकाळ टाळावी.

त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, सुरू आहे का ते पाहावे. रायझनमध्ये सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा एफटीपीएम हा भाग प्रोसेसरच्या आत असतो. प्रोसेसर बदलल्यावर बोर्ड तो नव्याने सुरू करण्याची परवानगी विचारतो, आणि ती दिली की कुलूपबंद डिस्क रिकव्हरी की मागते. ही ४८ अंकी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच उतरवून घ्यावी, किंवा एन्क्रिप्शन तात्पुरते थांबवावे. मुलाचे प्रोजेक्ट आणि घरचे फोटो त्याच डिस्कवर असतात, तेव्हा ही पाच मिनिटे वाचवू नयेत.

एएम ४ वर कूलर काढताना घाई केली तर सुकलेल्या पेस्टला चिकटलेला प्रोसेसर सॉकेटातून उपटून हातात येतो आणि पिना वाकतात. संगणक दहा-पंधरा मिनिटे गेम खेळून गरम करावा, बंद करून वायर काढावी, कूलरचे स्क्रू किंवा कड्या सोडवाव्यात, आणि कूलर सरळ वर ओढण्याऐवजी डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सुटा करावा. नवा प्रोसेसर ठेवताना कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवावा. तो आपल्याच वजनाने खाली बसतो, वरून दाबावे लागत नाही.

संगणक सुरू झाला की एक्सएमपी पुन्हा लावावे, कारण बायोस अद्ययावत करताना ते पुसले जाते. मग पहिल्या मोजणीतल्याच जागी, त्याच सेटिंगवर एफपीएस, एक टक्का लो आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर पुन्हा लिहून घ्यावा. कार्डाचा वापर आता ९५ च्या वर गेला असेल तर प्रोसेसरचे काम झाले, पुढचा खर्च कधीतरी कार्डावर होईल. आकडे हलले नसतील तर कूलर नीट टेकला आहे का आणि तापमान किती चढते ते त्याच दिवशी पाहावे. नवा प्रोसेसर महिनाभर नीट चालेपर्यंत जुना विकू नये.